डाव्या बाजूचं दार

या पेजवर येणाऱ्या बऱ्याच कथा मी वाचते. काही पटतात, काही नाही पटत. मी लिहितेय ते पटवायला लिहीत नाहीये. हे माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलं, मी तिथे उभी होते, आणि वडील अजून आहेत. त्यांना विचारून लिहितेय. ते म्हणाले, लिही, पण ट्रकचा नंबर आणि त्या खाडीचं नाव घालू नको. त्या दोन गोष्टी यात नाहीत. बाकी सगळं झालं तसंच आहे.

आणि यात रात्र नाही.

जे झालं ते भर उन्हात झालं.

मे २०२३. रत्नागिरीत कुवारबावच्या पुढे, हायवेपासून जरा आत आमचं गॅरेज आहे. आधी ते अण्णांचं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, आत्माराम. चाळीस वर्षं त्यांनी वेल्डिंग केलं. मग हात थरथरायला लागला, डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गॅरेज माझा धाकटा भाऊ ओमकार बघतो. मी राजश्री. मी रंगकाम करते. मिरकरवाड्यात होड्या रंगवते, त्यांच्यावर नावं घालते, आणि ओमकारकडे ट्रक किंवा टेम्पो आला की त्याचाही रंग माझ्याकडे.

तो ट्रक कुलसुमचाचींच्या घरून आला. त्यांचे मिस्टर मुसाचाचा आयुष्यभर चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, वाहतूक करायचे. आदल्याच वर्षी ते वारले. त्याच्याही आधी कितीतरी वर्षं ट्रक घराशेजारी फणसाखाली उभा होता. मुलगा रेहान कुवेतहून दीड महिन्याच्या रजेवर आला होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की अब्बांचा ट्रक पहिल्यासारखा करून द्या. एकदा अम्मीला त्यात बसवून फिरवून आणायचं आहे. पाऊस लागायच्या आत.

क्रेनने ट्रक आणून टाकला आणि ओमकारने कामाला हात घातला.

पहिल्या चार दिवसांत त्याचं डोकं फिरलं.

बाहेरून ट्रक बरा दिसत होता. पण जिथे हात लावावा तिथे आधीच्या कुणीतरी करून ठेवलेली घाण निघत होती. केबिनच्या तळाला एकावर एक तीन पत्रे. दोन पत्र्यांच्या मध्ये डांबर लावलेलं पोतं. मागच्या कोपऱ्यात भोक पडलं होतं, ते चक्क सिमेंटने बुजवलेलं. ब्रेकचा पाइप तुटला होता तिथे रबरी नळी घालून वरून तार गुंडाळलेली. ओमकार म्हणाला, ताई, हे मेकॅनिकने केलेलं नाही. याला कुणीतरी नुसता मेकअप करून पाठवलाय.

डाव्या बाजूचं दार, म्हणजे क्लिनरच्या बाजूचं, माझ्याकडे आलं.

ज्या दिवशी मी त्या दाराला हात लावला, त्या दिवशी अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते.

दुपारचे सव्वाबारा. मी बाहेरून लांबी खरवडत होते. लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायला रंगाखाली लावतात तो लेप. इथे ती बोटभर जाड होती. खरवडता खरवडता माझ्या लक्षात आलं, की दार आणि चौकट यांच्यामध्ये जी फट दिसत होती, ती फट नव्हतीच. लांबी ओली असताना कुणीतरी सुरीने रेघ ओढली होती. फटीसारखी दिसावी म्हणून.

दार नव्हतंच ते. दाराचं चित्र होतं.

मी बघतच राहिले.

आणि आतून आवाज आला...

थप. थप.

ट्रकवाल्यांना हे माहीत असतं. ट्रक मागेपुढे घेताना क्लिनर पत्र्यावर हात मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. मला वाटलं ओमकार आत बसलाय आणि गंमत करतोय. मी म्हटलं, थांब रे जरा, लांबी पडेल अंगावर.

मी खरवडणं चालू ठेवलं.

परत... थप. थप.

एवढ्यात ओमकार गेटमधून बाइकवरून आत आला. पाठीवर वेल्डिंगच्या रॉडचं खोकं.

मी उजव्या बाजूने चढून केबिनमध्ये पाहिलं. आत कुणी नव्हतं. सीटसुद्धा नव्हती, आम्हीच काढली होती. डाव्या दाराला आतून हँडल नव्हतं. तिथे एक सपाट पत्रा रिव्हेट मारून बसवला होता. मी त्याच्यावर तळवा टेकला.

बाहेर असं ऊन होतं, की सकाळपासून त्या ट्रकला फडक्याशिवाय हात लावता येत नव्हता.

तो पत्रा गार होता.

विहिरीच्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यासारखा गार.

मी ओमकारला सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने बाहेरून चौकटीचा एक कोपरा साफ केला आणि लांबीच्या खालचं वेल्डिंग पाहिलं. दार चौकटीला टाके मारून बंद केलेलं होतं. तो बराच वेळ वाकून बघत होता. उठला तेव्हा चेहरा उतरलेला. मला वाटलं ऊन लागलं. म्हणाला, हे दार राहू दे ताई. कापत बसलो तर चौकट नवी करावी लागेल. रेहानला फिरवायलाच तर ट्रक हवाय. आहे तसं परत लांबी भर आणि रंग मार.

मला ते पटलं नाही. पण गॅरेज त्याचं.

दुसऱ्या दिवशी एक वाजून गेला होता. आम्ही दोघं ट्रकच्या सावलीत डबा खात होतो.

आमच्या शेजारी एक पंक्चरवाला आहे. त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर घरघरतो. पलीकडे हायवे. तिथला आवाज कधी थांबत नाही, आम्ही लहानपणापासून तो ऐकतोय. त्या दिवशी कॉम्प्रेसर बंद पडला. मला वाटलं लाइट गेली.

मग हायवेही ऐकू येईना...

पानं हलत होती, पण त्यांचा आवाज नव्हता. ओमकारचे ओठ हलले. तो काय म्हणाला मला कळलं नाही.

आणि आमच्या डोक्याच्या वर, दारातून...

थप थप. थप थप थप.

हे चल म्हणणं नव्हतं.

मी ट्रकवाल्यांच्यात वाढलेय. चल, थांब, डावीकडे घे, सगळ्या थापा मला कळतात. ही त्यातली कुठलीच नव्हती. कुणीतरी पूर्ण तळव्याने, जोर लावून, दारावर मारत होतं.

दहा मिनिटं चाललं. मग थापा विरळ झाल्या आणि थांबल्या. लगेच कॉम्प्रेसरची घरघर कानावर आली. मी उठून पंक्चरवाल्याला विचारलं, लाइट गेली होती का? तो म्हणाला, नाही बा, सकाळपासून चालूच आहे.

यापुढे मी जे केलं ते सांगायला मला बरं वाटत नाही. पण खरं सांगायचं ठरवलंय.

संध्याकाळी ओमकारने त्या दारावर परत लांबी भरली. आणि ती ओली असताना मी माझ्या हाताने, पट्टी लावून, सुरीने तिच्यात रेघ ओढली. आधीच्या माणसाने ओढली होती त्याच्यापेक्षा सुबक. फट खरी वाटावी म्हणून आत काळा रंगही भरला.

आम्हाला फक्त ते काम संपवून तो ट्रक घालवायचा होता.

तिसऱ्या दिवशी दोनला पाच कमी असताना ती सगळी लांबी एका पट्टीत निघून जमिनीवर पडली.

तडकली नाही, भुगा झाला नाही. आतून कुणी ढकलावं तशी सरळ निघाली. आणि थापा सुरू झाल्या. हायवे नाही, कॉम्प्रेसर नाही, फक्त त्या. आधी जोरात, भराभर. मग एकेक. मग दोन थापांच्या मध्ये इतका वेळ जायचा, की वाटावं संपलं.

शेवटची तर थाप नव्हतीच...

नुसता हात टेकल्यासारखा आवाज झाला. आणि तो हात पत्र्यावरून खाली घसरला.

मी घड्याळ पाहिलं. माझ्या मनात पहिल्यांदाच वेळा जुळल्या. परवा सव्वाबारा. काल एक पाच. आज दोनला पाच कमी. रोज पन्नास मिनिटं पुढे.

होड्यांवर काम करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. होडी पाण्यात कधी जाणार, त्यावर माझा रंग सुकवायचा वेळ ठरतो. रोज पन्नास मिनिटं पुढे सरकते ती भरती.

भरतीचं पाणी पूर्ण चढलं की आवाज थांबत होता.

रात्रीच्या भरतीला गॅरेजमध्ये काय होत होतं, मला माहीत नाही. रात्री तिथे कुणी नसतं.

मी हात न धुताच स्कूटर काढली आणि कुलसुमचाचींकडे गेले.

चाची ओटीवर तांदूळ निवडत होत्या. रेहान बाहेर गेला होता. मी सरळ विचारलं, चाची, या ट्रकचा कधी पाण्यात अपघात झाला होता का?

त्यांचे हात थांबले. रेहानला माहीत नाही, असं त्या आधी म्हणाल्या. तेव्हा तो लहान होता. मग त्यांनी सांगितलं.

२००६ साल. गणपती होऊन गेले होते. मुसाचाचा चिरे भरून खाडीच्या उतारावरून येत होते आणि ब्रेक लागेना. त्यांच्यासोबत क्लिनर होता सदू. आतल्या गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, आठ वर्षं याच ट्रकवर. वळणावर मुसाचाचा बाहेर फेकले गेले. ट्रक उजव्या कुशीवर खाडीच्या चिखलात आडवा झाला. ड्रायव्हरचं दार खाली चिखलात. पुढची काचही चिखलात. डावं दार वर, आभाळाकडे. आतला माणूस बाहेर येणार तर त्याच दाराने.

गावातले लोक धावले. ट्रकवर चढले. बाहेरून चार माणसं दार ओढत होती. खिडकीला आडव्या सळ्या होत्या, त्यातून सदूचा हात बाहेर येत होता, पण सळ्या कापायला काही नव्हतं. कुणी कोयते मारत होतं. मुसाचाचा मोडका हात धरून काठावर बसले होते.

आणि भरती लागली होती.

"आतून तो थापा मारत होता, बेटी," चाची म्हणाल्या. "मी नव्हते तिथे. पण हे झोपेत हात मारायचे पलंगावर. तशाच. मरेपर्यंत."

मी विचारलं, दार का उघडलं नाही?

मुसाचाचा सांगायचे की ठेचलं गेलं होतं. चाचींना तेवढंच माहीत होतं. नंतर मुसाचाचांनी ट्रक घाटावर कुठेतरी नेऊन दुरुस्त करून आणला, दुसरा ड्रायव्हर ठेवला. स्वतः स्टेअरिंगला हात लावला नाही. क्लिनर कुणी पंधरा दिवसांच्या वर टिकेना. शेवटी फणसाखाली उभा केला.

परत आले तेव्हा ओमकार दारासमोर स्टूल टाकून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, दार ठेचलं नव्हतं. ते आधीच वेल्डिंग केलेलं होतं. कुणीतरी जिवंत माणसाचं दार बंद केलं, आणि नंतरच्या माणसाने त्याच्यावर लांबी भरली.

ओमकार उठला. त्याने टॉर्च लावून चार टाक्यांवर धरला. म्हणाला, नीट बघ.

मी पाहिलं. प्रत्येक टाक्याच्या शेवटाला उजवीकडे एक लहानसं वळण होतं, आकड्यासारखं. डावखुऱ्या माणसाचा हात काम संपवताना जसा वळेल तसं. आमच्या घराच्या गेटवर तेच वळण आहे. माझ्या लहानपणीच्या सायकलवर होतं. तुळशीच्या कठड्यावर आहे.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

म्हणून त्याला ते दार झाकायचं होतं. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तिथे बसलो. रत्नागिरीत आजही कुणी कच्चं काम केलं तर लोक म्हणतात, आत्मारामकडे न्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाचणे गावातल्या आमच्या घरी मीच अण्णांना सांगितलं. ओमकार म्हणाला होता की त्याला जमणार नाही.

अण्णा चहा पीत होते. मी बोलत असताना त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना धक्का बसला नाही. ते इतकी वर्षं कुणीतरी हे विचारायची वाट बघत होते, असं मला वाटलं.

ते म्हणाले, त्या दाराचं लॉक तुटलं होतं. वळणावर दार आपोआप उघडायचं. एकदा सदू पडता पडता वाचला. तोच म्हणाला, अण्णा, मारा चार टाके, नाहीतर एखाद दिवस मी रस्त्यावर जाईन. मी उजवीकडून चढेन. अण्णांनी सांगितलं, आठ दिवसांचं काम आहे हे. कोल्हापूरहून लॉक मागवतो, आलं की कापून बसवून देतो. लॉक आलं. पण गणपतीचे दिवस, गॅरेजमध्ये कामाची रांग. निरोप द्यायचा राहिला. आठाचे वीस दिवस झाले.

अपघात झाला तेव्हा पोलिसांनी ब्रेक फेल लिहिलं. दाराचं कुणी विचारलं नाही. अण्णांनी सांगितलं नाही.

महिन्याने मुसाचाचा हाताला प्लॅस्टर घालून घरी आले होते. दोघं ओसरीवर बसले. तासभर. तेही काही बोलले नाहीत, अण्णाही नाहीत. मग मुसाचाचा उठून गेले आणि परत कधी आले नाहीत.

सांगून झाल्यावर अण्णा उठले, कपाट उघडलं, आणि कपड्यांच्या मागून एक पुडकं काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. आत ट्रकच्या दाराचं लॉक होतं. नवंकोरं. ग्रीस सुकून काळं पडलेलं.

मला म्हणाले, "रिक्षा बोलव गो."

अण्णा चार वर्षांनी गॅरेजमध्ये आले तेव्हा सव्वादोन झाले होते. त्या दिवशीच्या भरतीला अजून अर्धा तास होता. ओमकारने ग्राइंडर पुढे केला. अण्णांनी नको म्हटलं. छन्नी आणि हातोडा मागितला. ओमकार म्हणाला, अण्णा, तुमचा हात... अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं फक्त.

पहिला टाका तोडायला दहा मिनिटं लागली. दोनदा छन्नी घसरून त्यांच्या बोटाला लागली. रक्त आलं. मी फडकं दिलं, ते त्यांनी खांद्यावर टाकलं.

दुसऱ्या टाक्याला कॉम्प्रेसरचा आवाज गेला.

मग हायवेचा...

मग हातोड्याचाही. अण्णा मारत होते, छन्नीवर हातोडा पडताना दिसत होता, पण आवाज नाही.

आणि थापा आल्या.

इतक्या जवळून मी त्या ऐकल्या नव्हत्या. दाराचा पत्रा बाहेरच्या बाजूला फुगत होता, प्रत्येक थापेला, मला दिसत होतं. ओमकारने माझा दंड धरला होता. अण्णा मागे सरले नाहीत. उलट ते दाराला गाल लावून काहीतरी बोलत होते. एकसारखं. आजारी मुलाशी बोलावं तसं. त्यातला एक शब्दही मला ऐकू आला नाही, आणि मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

तिसरा टाका तुटला.

थापा विरळ व्हायला लागल्या होत्या...

मला कळत होतं की पुढे काय येणार. तो टेकलेला हात. तो घसरणारा हात. मी ओरडले बहुतेक, घाई करा म्हणून. अण्णांनी चौथ्या टाक्याला छन्नी लावली आणि डाव्या हाताने हातोडा असा मारला, जसा मी लहान असताना मारायचे. त्या एका वेळी त्यांचा हात थरथरला नाही.

टाका तुटला.

अण्णांनी दोन्ही हातांनी दार ओढलं. सतरा वर्षांचा गंज कुरकुरला, आणि तो आवाज आम्हाला तिघांनाही ऐकू आला.

दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. रिकामी केबिन. पलीकडच्या दारातून ऊन आत आलेलं.

मी श्वास सोडला. आणि तेव्हाच ट्रक डाव्या बाजूला कलला.

थोडासाच. ट्रकमधून माणूस उतरायला लागला की तो पायरीवर वजन टाकतो, तेव्हा चाकावरचे स्प्रिंगचे पाटे दबतात ना, तसे ते दबले. कर्र... असा आवाज झाला. आम्ही तिघं जमिनीवर उभे. ट्रकमध्ये कुणी नाही. पाटे दबलेले. एक क्षण, दोन क्षण.

अण्णा दार धरून बाजूला सरकले. वाट दिली त्यांनी.

"उतर, सदू," ते म्हणाले. "सावकाश."

पाटे वर आले. ट्रक सरळ झाला.

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर घरघरायला लागला. हायवेवरून एक एस.टी. हॉर्न देत गेली.

अण्णा खाली बसले. आम्ही त्यांना पाणी दिलं. दोन घोट घेतले आणि म्हणाले, लॉक आज बसवून टाका. ओमकारने ते त्याच दिवशी बसवलं.

त्यानंतर त्या ट्रकमधून कसलाही आवाज आला नाही. आम्ही सगळा ट्रक उघडला, एकही जुनं ठिगळ ठेवलं नाही. ब्रेकचे सगळे पाइप नवे. मी रंग दिला. रेहानला आम्ही सगळं सांगितलं. अण्णांनी स्वतः सांगितलं. मला वाटलं तो भडकेल. तो चौकटीवरच्या चार खुणांवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, अब्बांना माहीत होतं म्हणजे. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने आईला डाव्या बाजूला बसवून गणपतीपुळ्यापर्यंत नेऊन आणलं. चाचींनी दार स्वतः उघडलं, स्वतः उतरल्या.

सदूची बायको सखू मुंबईला मुलाकडे असते. तिचा नंबर रेहाननेच मिळवला. अण्णांनी तिला फोन केला, मी शेजारी होते. त्यांनी काही लपवलं नाही. वीस दिवस, लॉक, निरोप, सगळं. मग तिने एवढंच विचारलं, की आता ते दार उघडतं का. अण्णा म्हणाले, उघडतं. तिने फोन ठेवला.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

अण्णा हल्ली दुपारचे झोपत नाहीत. ओसरीवर बाकावर बसतात. पूर्वी मधोमध बसायचे. आता एका टोकाला बसतात, अगदी कडेला. मी ते पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. गेल्या महिन्यात दुपारी मी त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी चहा घेऊन गेले आणि बाकावर बसायला वाकले, तर त्यांनी पटकन हात आडवा धरला.

"तिथे नको बसू."

मी विचारलं, का?

त्यांनी फक्त बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या माणसाकडे आपण बघतो ना, तसं.

मी विचारलं, अण्णा, कधीपासून?

म्हणाले, त्याच दिवसापासून. रिक्षातही होता.

मी विचारलं, काही बोलतो का? काही मागतो का? काही विचारतो का?

अण्णांनी कपातला चहा हलवला.

"काही विचारत नाही गो," ते म्हणाले. "विचारलं असतं तर बरं झालं असतं."

मी दुसरा कप हातात घेऊन उभीच राहिले. कुठे बसायचं, ते मला कळेना.